न दुखणारा पाय

गेल्या वैशाखात एक अडतव्यापारी गृहस्थ तपासणीस आले. वय साठीपुढचे, मधुमेह बारा वर्षांचा. दुपारी मंदिराच्या तापलेल्या फरशीवर तीन प्रदक्षिणा घालून ते पेढीवर बसले होते. गादीच्या पांढऱ्या चादरीवर मुनीमजींना ओले डाग दिसले, तेव्हा तळपायांना फोड आल्याचे कळले. "डॉक्टर, दुखत मात्र काहीच नाही," असे ते समाधानाने सांगत होते. मला भीती वाटली ती त्याच वाक्याची.

मधुमेहात मज्जातंतूंची हानी बहुधा सर्वांत लांब तंतूंपासून, म्हणजे पायाच्या बोटांपासून सुरू होते आणि मोज्याप्रमाणे वर चढते. काहींना मुंग्या येतात, जळजळ होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. ते निदान डॉक्टरांकडे तरी जातात! परंतु निम्म्यापर्यंत रुग्णांना काहीच जाणवत नाही. म्हणून प्रौढ वयातील मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे दरवर्षी पाय तपासून घ्यावेत.

तपासणी अगदी साधी असते. रुग्णाचे डोळे मिटवून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा किंचित वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का, हे विचारतात. टोचणीची जाणीव आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रियाही पाहतात. विजेच्या यंत्रावरील महागडी तपासणी बहुतेकांना लागत नाही. शिवाय केवळ बारीक तंतू बिघडले असतील, तर तिचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते, आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. त्याच्या अभावानेही पाय बधिर होतात. तेव्हा सारे खापर साखरेवर फोडण्याआधी रक्तातील ब-१२ मोजावे. या गृहस्थांचे ते कमीच निघाले. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घरच्या घरीही एक चाचणी करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन वा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांना पाय दाखवावेत.

त्यांच्या धर्मपत्नींनी माझ्यासमोरच ही चाचणी केली. सहापैकी दोनच स्पर्श त्यांना कळले. आता ते उन्हे चढण्यापूर्वी दर्शन आटोपतात आणि घरी परतल्यावर त्या चष्मा लावून त्यांचे तळपाय निरखतात. परवा टाचेत रुतलेला काचेचा बारीक तुकडा त्यांनीच काढला. ह्यांना त्याचा पत्ताही नव्हता.