वीस किलोंसाठी कान पणाला

ओळखीतल्या एका तरुणाने नुकतीच आपली जुनी हॅचबॅक ‘हलकी’ करून घेतली. पायाखालचे कार्पेट, दारांच्या आतला फोम, पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी शीट... सगळे खरवडून काढले. वीसेक किलो वजन उतरले. गाडी आता कशी पळते, हे तो कौतुकाने सांगतो. मात्र हायवेवर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागते.

ही हौस आली शर्यतीतून. पोर्शेने १९७३ सालच्या ९११ कॅरेरा आरएस २.७ ची जी हलकी आवृत्ती काढली, तिचे वजन होते सुमारे ९६० किलो. नेहमीच्या प्रवासासाठीची आवृत्ती १,०७५ किलोंची होती. हलकी करताना इतर गोष्टींबरोबर ध्वनिरोधक थरही काढला होता. शर्यतीत सेकंदाच्या अंशाला किंमत असते, त्यामुळे तिथे ते योग्यच. आपल्या रोजच्या रस्त्यावर हिशेब वेगळा आहे.

वजन १० टक्के घटले तर इंधनात साधारण ६ ते ८ टक्के फायदा होतो, असा ढोबळ नियम आहे. हजार किलोंच्या गाडीतून वीस किलो काढले, म्हणजे दोन टक्के. लिटरला २० किलोमीटर धावणारी गाडी फार तर तीनशे मीटर जास्त जाईल. टाकीतले २७ लिटर पेट्रोलच सुमारे वीस किलो भरते!

आता दुसरी बाजू. डांबरी शीट पत्र्याची थरथर शोषते, फोम टायरचा आणि वाऱ्याचा आवाज अडवतो, इंजिनकडचा थर उष्णताही रोखतो. तो गेला की गाडीचा पत्रा ढोलासारखा घुमतो. डेसिबल हे माप फसवे आहे : आवाज १० डेसिबलने वाढला, तर कानावर आदळणारी ऊर्जा दहापट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालू शकतो. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. त्यात गाडीची घरघर झाकायला आपण गाणी आणखी मोठ्याने लावतो. आवाजाने थकवा येतो, मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही उशिरा कळतो.

कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान दुखत नाही, म्हणून ते कळतही नाही; कळते तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असतो.

गाडी फक्त ट्रॅकवर न्यायची असेल तर खुशाल हलकी करा, पण हेल्मेटखाली कानात बोळे घाला. ऑफिसला रोज नेणार असाल, तर डिकीतले वर्षभराचे सामान आधी काढा आणि टायरमधली हवा तपासा. मायलेज त्यानेही वाढते, आणि त्याची किंमत कानांना मोजावी लागत नाही.