खांद्यावरचे ओझे

दिवाळीच्या फटाक्यांचे आम्हां नगरकरांना तसे अप्रूप कमीच. शहराजवळ लष्कराचे सरावाचे मैदान आहे. खारेकर्जुने गावावरून त्याला 'के. के. रेंज' म्हणतात. तिथे रणगाड्यांच्या तोफा धडधडू लागल्या की घरी आलेला पाहुणा दचकून दाराकडे पाहतो आणि आम्ही शांतपणे म्हणतो, "काही नाही हो, रणगाडे आहेत. चहा घ्या, निवतोय." जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण हा शेजार काही बदललेला नाही.

असा हा मी, गेल्या दिवाळीत मात्र मनापासून दचकलो. नरकचतुर्दशीची संध्याकाळ होती. सावेडीतल्या आमच्या गच्चीवर दहा वर्षांचा नातू उभा. खांद्यावर पुठ्ठ्याची लांब नळी, नळीत फटाक्यांतला बाण, आणि मागे त्याचा मित्र उदबत्ती घेऊन वातीकडे वाकलेला! आमच्या सौ. किंचाळल्या. माझे पाय जागीच थिजले. नशीब, शेजारचे सुभेदारसाहेब फराळाला आले होते. त्यांनी दोन ढांगांत पुढे होऊन उदबत्ती काढून घेतली.

सुभेदारसाहेब लष्कराच्या हवाई संरक्षण दलातून निवृत्त झालेले. रागावतील असे वाटले होते, पण नळी न्याहाळत त्यांनी विचारले, "काय रे हे?"

"क्षेपणास्त्र, सुभेदार आजोबा. आपल्या नगरला उडवून पाहिलं होतं ना, तसलं. विमान पाडायचं."

पोराचे अगदीच चुकले नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्ये डीआरडीओने नगरच्याच रेंजवर, जवानांना उचलून नेता येईल असे क्षेपणास्त्र डागून पाहिले होते.

"ते रणगाड्यासाठी होतं," सुभेदारसाहेब म्हणाले. "विमानावरचं त्याचं भावंड निराळं."

ते भावंडही आता देशात तयार होत आहे. हैदराबादच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या प्रयोगशाळेने ते घडवले असून ओडिशाच्या चांदीपूर किनाऱ्यावर सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. तोवर आपल्या जवानांची भिस्त रशियन 'इग्ला'वर. इग्ला म्हणजे सुई. त्याआधीच्या रशियन अस्त्राचे नाव 'स्त्रेला', म्हणजे चक्क बाण! अमेरिकनांचे ते 'स्टिंगर', डंख मारणारे.

"पण मग जवानाचा खांदा भाजत नाही?" नातवाने खरा प्रश्न विचारला.

"नाही. कारण ते दोनदा पेटतं. आधी थोडीशी दारू त्याला नळीबाहेर ढकलते आणि नळीतच जळून संपते. काही मीटर पुढे गेलं की मग मुख्य इंजिन पेटतं. तुझ्या बाणाला एकच वात, गड्या. त्यानं सगळी आग तुझ्या कानावर ओकली असती."

नातवाचा हात आपोआप कानाकडे गेला.

मग ते सांगत राहिले आणि लाडू हातात धरून आम्ही ऐकत राहिलो. अस्त्राच्या नाकाशी उष्णता ओळखणारा डोळा असतो. तो विमानाच्या तापलेल्या इंजिनाचा माग धरतो. म्हणून वैमानिक मागे भुईनळ्यासारखे जळते गोळे सोडतात, की डोळा फसावा. कारगिलच्या लढाईत २८ मे १९९९ रोजी आपले एक एमआय-१७ हेलिकॉप्टर अशाच खांद्यावरच्या अस्त्राने पडले. त्या हेलिकॉप्टरवर हे फसवे गोळे नव्हते. आतले चौघेही गेले.

मला आमच्या गावची जुनी गोष्ट आठवली. १५४९ मध्ये इथे नगरला 'मुलुखमैदान' तोफ ओतली गेली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. वजन सुमारे पंचावन्न टन. ती हलवायची म्हणजे हत्ती आणि बैलांचे तांडे लागत. आणि ही 'सुई' नळीसकट अठरा किलोंच्या आसपास. एकटा माणूस पेलतो आणि पाच-सहा किलोमीटरवरचे विमान पाडतो. मी म्हटले, "सुभेदारसाहेब, ओझं किती हलकं झालं!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "नाही हो. तोफेला हुकूम द्यायला सरदार असे. इथं नळी रोखल्यावर तिची बॅटरी चालते अर्धा-पाऊण मिनिट. तेवढ्यात ओळखायचं, वर आहे तो आपला की परका. यंत्र रेडिओवरून विचारतं, पलीकडून उत्तर आलं तर आपला. पण उत्तर आलं नाही म्हणजे परकाच, असं नसतं."

मग ते जरा थांबले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरात बडगामजवळ आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. ते अस्त्र खांद्यावरचे नव्हते, गाडीवरचे मोठे होते; पण चूक तीच, ओळखण्याची. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या शेजारच्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. पुढे हवाई दलाच्या प्रमुखांनी ही मोठी चूक झाल्याचे उघड मान्य केले.

गच्चीवर कोणी बोलेना. इतक्यात आभाळातून एक दिवा लुकलुकत सरकू लागला. सवयीने नातवाने रिकामी नळी खांद्याला लावली.

"कोण आहे रे त्यात?" सुभेदारसाहेबांनी हळूच विचारले.

"मला काय ठाऊक?"

"शिर्डीच्या दर्शनाहून परतणारी माणसं असतील. दिवाळीला घरी निघालेलं कुणी असेल."

नातू बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिला. दिवा दिसेनासा झाल्यावर त्याने नळी खाली ठेवली, बाण बाटलीत उभा केला आणि वात पेटवायला उदबत्ती सुभेदारसाहेबांच्या हातात दिली.

वाचकहो, यंदा तुमच्याही गच्चीवर बाण उडतील. उडू देत! मात्र बाटली नीट रोवली आहे ना, आणि समोर कुणाची खिडकी उघडी नाही ना, एवढे पाहूनच वात पेटवा. बाण सुटला की तो परत बोलावता येत नाही.