ओएसिसचं तिकीट नक्की कुठे महागलं?

आठवतंय का, कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी रविवारची सकाळ घालवून हाती काय आलं? रांगेतला लाखांच्या घरातला नंबर! त्याच्या तीन आठवडे आधी, ३१ ऑगस्ट २०२४ ला ब्रिटनमध्ये याहून भारी तमाशा झाला होता. ओएसिस पंधरा वर्षांनी परत येणार होता. लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि नंबर लागला तेव्हा दीडशे पाउंडांच्या आसपासचं उभ्याचं तिकीट स्क्रीनवर ३५५ पाउंडांना दिसलं. कित्येकांनी शिव्या घालत का होईना, कार्ड काढलं.

हा राग फक्त पैशांचा नव्हता. नोएल आणि लिअम गॅलघर ही मँचेस्टरमधल्या कामगार घरातली पोरं. जाडजूड गिटार आणि अख्ख्या मैदानाने एका सुरात ओरडावं असे कोरस, एवढ्यावर त्यांनी नव्वदचं दशक गाजवलं. १९९६ मध्ये नेबवर्थला दोन रात्रींत सुमारे अडीच लाख लोक आले, तिकीट होतं साडेबावीस पाउंड. महागाई धरून दुप्पट करा, तरी पन्नासच्या आतच. २००९ मध्ये पॅरिसला शोच्या आधी भावाभावांत राडा झाला आणि बँड फुटला.

तर तिकिटं महागल्यावर सगळ्यांनी 'डायनॅमिक प्रायसिंग' म्हणून बोंब मारली. पाऊस पडला की कॅबचं भाडं चढतं ना, तसं. पण ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चौकशीत वेगळंच सापडलं. गर्दी पाहून भाव चढवणाऱ्या अल्गोरिदमचा पुरावा मिळाला नाही. उभ्याच्या तिकिटांचे दोन भाव होते. स्वस्त तिकिटं संपली की महाग सुरू. फक्त हे रांगेतल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर 'प्लॅटिनम' नावाची काही तिकिटं जवळपास अडीचपट दराने विकली गेली, त्यात जास्तीचं काही मिळत नसताना! सप्टेंबर २०२५ मध्ये तिकीटमास्टरने कबूल केलं, की यापुढे असे टप्पे असतील तर २४ तास आधी सांगू.

बँडचं म्हणणं, तिकिटांचं सगळं प्रमोटर आणि मॅनेजमेंट बघतात, आम्हाला कल्पनाच नव्हती. असेलही. पण पुढे उत्तर अमेरिकेतल्या शोंसाठी त्यांनी डायनॅमिक प्रायसिंग नकोच म्हटलं. म्हणजे मनात आणलं तर बँडला नाही म्हणता येतं.

आपलं दुखणं जरा वेगळं. कोल्डप्लेच्या तिकिटांचे छापील दर २,५०० ते ३५,००० रुपये होते, खरी लूट झाली ती पुढच्या काळ्या बाजारात. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट विकायला बंदी घालणार असं जाहीर केलं. आपल्याकडे याच विषयावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. चेंडू तिथेच आहे.