तुझं तू बघ

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालकांनी सामान विकायला काढले. कांदे काढणीच्या मजुरीतून साठवलेल्या पैशात मी तेथून एक झेनिट कॅमेरा घेतला. रशियन बनावटीचा, हातात विटेसारखा जड, पुढच्या अंगाला १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे चिन्ह. सोबत माहितीपत्रक नव्हते. मी दोन प्रश्न विचारले, तर मालक म्हणाले, "चालतोय. बाकी तुझं तू बघ, पोरी."

त्याप्रमाणे मी बघू लागले. कॅमेऱ्यावरचा प्रकाशमापकाचा काटा हलेना, म्हणून सेल संपला असेल असे समजून घड्याळजीकडे गेले. त्याने कॅमेरा चारी बाजूंनी पाहिला. सेल घालायला जागाच नव्हती! या कॅमेऱ्यात सेलेनियमची पट्टी असते आणि पडणाऱ्या उजेडावरच तो काटा हलतो, हे पुढे कळले. माझ्या कॅमेऱ्यातली पट्टी म्हातारी होऊन निकामी झाली होती.

पहिला रोल घातला. छत्तीस वेळा खटका दाबला, आकडा नीट पुढे सरकत गेला. धुवायला मुंबईला पाठवलेली फिल्म काचेसारखी स्वच्छ परत आली. रोलचे टोक आतल्या चाकात अडकलेच नव्हते. आकडा मात्र मी खटका ओढीन तसा इमानेइतबारे पुढे जात होता.

दुसऱ्या रोलच्या वेळी अण्णांनी बैलजोडी विकायचे ठरवले होते. आदल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दोन्ही बैलांच्या मध्ये ताठ उभे राहिले. भर उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि १०० च्या फिल्मला वेग १२५ ठेवावा, एवढे मी मोबाइलवर पाहून शिकले होते. पण या भिंगाला दोन कडी असतात. एका कड्याने १६ आकडा ठरतो; दुसरे फिरवल्यावाचून छिद्र प्रत्यक्षात लहान होत नाही. मी दुसरे फिरवलेच नाही. छिद्र २ वरच उघडे राहिले, म्हणजे हवा त्याच्या चौसष्टपट उजेड आत गेला. निगेटिव्ह काळीकुट्ट झाली. धाकट्या बहिणीने मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे. पण त्यासाठी अण्णा तसे उभे राहिले नव्हते. त्यांनी चार वेळा विचारले, "रोलचा आला का गं?" पाचव्यांदा विचारले नाही.

चुकांतून माणूस शिकतो, असे म्हणतात. खरे आहे. पण चूक करणे कोणाला परवडते? माझा एक रोल आणि त्याची धुलाई म्हणजे बारा दिवसांची खानावळ. ज्याच्या घरी दहा रोल वाया घालवण्याची ऐपत आहे, त्याला 'तुझं तू बघ' हा स्वावलंबनाचा धडा वाटेल. आमच्यासारख्यांना तो दंड असतो.

कॉलेजातही हेच झाले. 'बोनाफाईड' म्हणजे काय, हे माझ्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. विचारायची मला लाज वाटली आणि पहिल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली. ते पैसेही त्या बैलांसारखेच; पुन्हा येणार नाहीत. सूचना फलकावर होती, हे खरे. पण फलक वाचायचा असतो, हेही आधी कोणीतरी सांगावे लागते.

आपल्याकडे स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्यांचे दाखले फार देतात. दादासाहेब फाळक्यांचेच घ्या. विमा गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हिंमत त्यांची खरीच. पण लंडनमध्ये ते 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ गेले, तेव्हा तेथील संपादक कॅबर्न यांनी त्या परक्या माणसाला परत पाठवले नाही. चित्रपट निर्माते हेपवर्थ यांच्याकडे नेले. तिथे त्यांना काम जवळून पाहता आले. घरी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत, ती धूत. फाळके एकटे शिकले नाहीत. त्यांनी विचारले, आणि विचारले तेव्हा कोणीतरी सांगितले.

म्हणून सर्वांना, विशेषतः गुरुजनांना, विनंती आहे. आमचे प्रश्न बावळट वाटले तरी ऐकून घ्या. कपाटातल्या वस्तू आमच्या हाती द्या. बंद ठेवल्याने त्या वाचतात असे नाही. न वापरलेल्या कॅमेऱ्याच्या खटक्यातले तेल सुकते, दमट जागी भिंगावर बुरशी चढते. आणि माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच इथवर आलेल्या मुलामुलींनो, लाजू नका. लाजेची किंमत मी दोनदा मोजली आहे.

तिसऱ्या रोलला मी वही केली. प्रत्येक फोटोचे छिद्र, वेग, ऊन की सावली, सारे लिहिले. सतरा फोटो आले. त्यात रिकाम्या गोठ्याच्या दारात बसलेले अण्णा आहेत.

दर शनिवारी तिसऱ्या तासानंतर मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर कॅमेरा आणि ती वही घेऊन बसेन. ज्याला शिकायचे आहे त्याने यावे. आधी रोल न घालता शंभर वेळा खटका दाबा. त्याला पैसे पडत नाहीत. दुसरे कडे फिरवायचे राहिले, तर मी तिथेच सांगेन.