गोधडीची टीप सांध्यातच बसावी

गणपतीला चाकरमानी आले की रत्नागिरीच्या गावागावांत माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात आणि माजघरात, ओटीवर अंथरल्या जातात. त्यातल्या जुन्या बहुतेक हाताने शिवलेल्या असतात. लुगड्यांचे थर एकावर एक घालून कडेपासून आत आत जाणारा धावदोरा घातलेला असतो. विक्रीची गोधडी मात्र आता मशीनवर होते. बचत गटातल्या बायका रंगीत चौकोन जोडतात, खाली भरणीचा थर आणि अस्तर घालतात आणि चौकोनांच्या सांध्यांवरून टीप मारतात. एरवी देखणी असलेली गोधडी बिघडते ती इथेच. टीप सांधा सोडून कधी डावीकडे, कधी उजवीकडे चढते, मागे अस्तराला चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

अशा वेळी ‘हात बसला की जमेल’ असे सांगितले जाते. हा सल्ला अपुरा आहे, आणि वर्षानुवर्षे ब्लाउज-परकर शिवणाऱ्या बाईवर अन्याय करणाराही आहे. तिचा हात केव्हाच बसलेला असतो. तिच्याकडे नसते ती थरांच्या शिलाईसाठी लागणारी तयारी आणि एक छोटा सुटा भाग.

साध्या मशीनमध्ये कापड पुढे सरकवण्याचे काम खालचे दाते करतात. वरचा प्रेशर फूट फक्त दाबून धरतो. दोन पदरी कापडात हे खपून जाते. पण तीन-चार जाड थर असले की दाते अस्तराला ओढत नेतात आणि वरचा थर फुटाखाली अडून मागे रेंगाळतो. वीतभर टीप होईपर्यंत वरच्या कापडाची लाट फुटापुढे जमते आणि ती लाटच सांध्याला बाजूला ढकलते. जुन्या सिंथेटिक साड्या वापरल्या तर त्या निसरड्या असल्याने घसरण आणखी वाढते. हातशिलाईत सुई प्रत्येक टाक्याला सरळ खाली उतरून वर येते, थरांना ओढत नाही. शिवाय आजीचा धावदोरा सांध्याची वाट धरतच नव्हता, सगळ्या गोधडीवरून सलग फिरत होता. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी ही त्यांची गोधडी शिवतात, तीही अशीच. कापडाचे तुकडे थेट थरांवर ठेवत, कडेपासून मध्याकडे. सांध्यात नेमकी टीप बसवण्याचा प्रश्न तिथे येतच नाही. तो मशीनने आणला, तेव्हा त्याचे उत्तरही मशीनसोबत द्यायला हवे.

ते उत्तर म्हणजे वॉकिंग फूट. या फुटाला स्वतःचे दाते असतात आणि सुईच्या दांड्याबरोबर हलणारी एक छोटी तरफ असते. त्यामुळे वरचा थर खालच्याच गतीने पुढे जातो. मशीनच्या फूट बसवायच्या दांड्याची उंची पाहूनच तो घ्यावा लागतो, सगळे फूट सगळ्या मशीनना बसत नाहीत.

पण फुटाच्याही आधी इस्त्री येते, आणि प्रशिक्षणात तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दोन चौकोन जोडल्यावर मागे राहिलेली माया एका बाजूला वळवून दाबली की सांध्याची ती बाजू उंच होते आणि दुसरी बाजू सखल राहते. टीप सखल बाजूला, उंच काठाला अगदी खेटून मारायची. दोन्ही हातांनी सांधा किंचित ताणून धरायचा. हात सोडला की उंच काठ टाक्यावर येतो आणि दोरा दिसेनासा होतो. माया दोन्हीकडे उघडून दाबली तर काठच उरत नाही आणि सुई नुसत्या शिवणीच्या दोऱ्यावर पडते. शेजारच्या ओळींची माया उलटसुलट वळवलेली असेल तर प्रत्येक चौकात उंच बाजू बदलते आणि टिपेलाही बाजू बदलावी लागते. म्हणून माया कुठे वळवायची हे चौकोन जोडतानाच ठरवलेले बरे. टीप वाकडी पडण्याचे निम्मे कारण तिथेच असते.

बाकीची काळजी थोडक्यात सांगता येते. थर सपाट पसरून दर चार बोटांवर पीन किंवा कच्चा टाका घालावा. आधी मधली लांब ओळ, मग तिथून दोन्ही कडांकडे. टाका 3 मिलिमीटरच्या आसपास, जाड थरांना 14 नंबरची नवी सुई. नजर सुईवर नको, फुटाच्या पुढच्या सांध्यावर हवी. गोधडीचा भार टेबलाखाली लोंबला तर तो कापड खेचतो, म्हणून डावीकडे आणि मागे दुसरे टेबल लावावे. आणि नवशिकीने सुरुवातीला छापील कापड घ्यावे, त्यावर केसभर चूक दिसत नाही. ती पळवाट नव्हे, शहाणपणाची पायरी आहे.

यातले काहीच महाग नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा 18 व्यवसायांपैकी एक आहे. अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत, 5 ते 7 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि त्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन मिळते. पैशाची वाट अशी उघडी असताना गोधडी शिवणाऱ्या गटाच्या हाती निव्वळ मशीन देऊन थांबणे बरोबर नाही. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांना प्रशिक्षण देताना एक पूर्ण दिवस इस्त्री आणि कच्च्या टाक्यांना द्यावा, वॉकिंग फूट अवजारांच्या यादीत घ्यावा, आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल जाण्याआधी गोधडी उलटी करून अस्तराची बाजू तपासावी. वरची टीप चुका लपवते, अस्तर लपवत नाही.

कोकणात वेळही पाहावी लागेल. जूनपासून हवा इतकी दमट असते की पिना लावून ठेवलेल्या गोधडीवर गंजाचे डाग पडतात आणि मशीनचे लोखंडी भाग जाम होतात. हे शिक्षण फेब्रुवारीत सुरू झाले तर मे संपायच्या आत गटाच्या पहिल्या गोधड्या शिवून, धुऊन, वाळून तयार होतील.