‘देऊळ’ पाहिला, आता आपल्या चर्चचा सिनेमा कधी?

राजेहो, एक साधा प्रश्न. मराठी सिनेमात चर्च शेवटचं कधी पाहिलं? लग्नाचा सीन अन् तोडकंमोडकं मराठी बोलणारी फ्रॉकवाली मावशी सोडून सांगा. मला तरी आठवत नाही.

आता आपल्याकडे बघा. चंद्रपुरात इंग्रजांच्या काळातच स्कॉटिश मिशन आलं. केरळच्या सिरो-मलबार चर्चने १९६२ साली चांद्यात काम उभं केलं, आज त्यांच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठाणं बल्लारपूरला आहे. म्हणजे साठ वर्षांहून जुना शेजार. तरी रविवारी आत काय चालतं, हे आपल्याला माहीत नाही. आणि माहीत नसलं की अफवा चालते.

मी चर्चला जाणारा नाही. मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीला पहिल्यांदा आत गेलो. एक गाणं मल्याळममध्ये, दुसरं मराठीत. मागच्या बाकावर बाया तेलुगूत बोलत होत्या. बाहेर दोन काका कमिटीच्या हिशेबावरून हळू आवाजात भांडत होते. म्हटलं, हे तर आपल्या मंडळासारखंच आहे!

सिनेमा इथेच आहे. उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’ने २०११ मध्ये गावातल्या श्रद्धेचा बाजार दाखवला. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यात केशाच्या श्रद्धेची टिंगल नव्हती, अन् आरतीही नव्हती.

चर्चबद्दल मात्र दोनच नमुने. एक ‘दयासागर’, म्हणजे १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडू’ हिंदीत. पडदा बांधून गावोगाव दाखवला गेला. भक्तिपट म्हणून ठीक, पण त्यात येशू आहे, आजचं चर्च नाही. दुसरा नमुना मोबाइलवर फिरणाऱ्या धर्मांतराच्या व्हिडिओंचा. एकात सगळे संत, दुसऱ्यात सगळे ठग. साधा माणूस कुठेच नाही.

कोणी म्हणेल, विषय नाजूक आहे. अरे, याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. धर्म बदलताना घरात, नात्यात काय उलथापालथ होते, हे या शहराला सांगावं लागत नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० पासून मिळतात, ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाहीत. पोराच्या शिक्षणासाठी दाखला सांभाळायचा की रविवारची प्रार्थना उघडपणे करायची? या एका प्रश्नावर दोन तासांचा सिनेमा उभा राहतो.

कलाकार कुठून आणायचे? वडसा-देसाईगंजच्या कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं करतात. ‘कोर्ट’मध्ये नागपूरच्या वीरा साथीदारांनी मुख्य भूमिका केली, ते तर चळवळीतले कार्यकर्ते. आपल्याकडे माणसं आहेत, मुंबईची वाट कायले बघायची?

चर्चवाल्यांनाही सांगतो, कॅमेऱ्याला दार उघडा. पैसा, जात, कमिटीची भांडणं दिसू द्या. लपवलं की लोक त्याहून वाईट काहीतरी मनात रंगवतात. अन् आपण बाकीच्यांनी, सिनेमा पाहण्याआधी मोर्चा काढायचा नाही, एवढं ठरवू.

असा सिनेमा आला तर मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसीन. ओळखीत कोणी लिहिणारं पोरगं-पोरगी असेल, तर खाली टॅग करा.