टेकडीला आग, आपण टेरेसवर!

'हिल-फेसिंग फ्लॅट!' आमच्या ब्रोकरनं हे शब्द असे काही उच्चारले, की भाडं दोन हजारांनी जास्त आहे हे मला घरी पोचल्यावर कळलं. पण खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात हिरवीगार आणि दिवाळीनंतर सोनेरी होणाऱ्या त्या टेकडीवर मी जाम फिदा होते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याच सोनेरी गवतानं पेट घेतला.

अख्खी सोसायटी टेरेसवर. निम्मे व्हिडिओ काढतायत, उरलेले एकमेकांना विचारतायत, 'कुणीतरी फोन केला असेल ना?' विचारणाऱ्यांत मीही होते! पदरी मास कॉमची डिग्री, हातात मोबाइल, आणि १०१ लावायला लागली तब्बल दहा मिनिटं.

बंब वेळेत आला. पण रस्ता संपला तिथे तोही थांबला. पुढे नुसता चढ, दगड आणि काटे. मग माणसंच हिरव्या फांद्या घेऊन वर चढली आणि झोडपून झोडपून आग विझवली. हो, डोंगरावरचा वणवा आजही बऱ्याचदा असाच विझवतात.

आगीला सगळ्यात जवळ होती आमच्या वॉचमनकाकांची खोली. पत्र्याची, मागच्या भिंतीला टेकलेली. आत काकू, दोन मुली आणि गॅसचा सिलिंडर. आग भिंतीपासून पंधरा फुटांवर येऊन थांबली. का? तर काकांनी दिवाळीनंतर तेवढ्या पट्ट्यातलं गवत कापून टाकलं होतं. "आगीसाठी नाही हो ताई, सापांसाठी!" काका म्हणाले.

अशा पट्ट्याला वनखात्याच्या भाषेत जाळरेषा म्हणतात, हे मला नंतर कळलं. गवत कापून किंवा आधीच काळजीपूर्वक जाळून जागा मोकळी ठेवायची. आगीला पुढे खायलाच काही उरत नाही. वणव्याची खरी तयारी ही इतकी बोअरिंग असते राव!

पण ती करायची कधी? सरकारी हिशेबात वणव्यांचा सीझन साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. गवत काही कॅलेंडर बघून वाळत नाही. मुंबईत गोरेगावला, फिल्म सिटीजवळच्या टेकडीवर मोठी आग भडकली ती ३ डिसेंबर २०१८ला. आजूबाजूला टॉवर्स, आयटी पार्क... आणि बंब टेकडीवर नेण्याची पंचाईत तिथेही होतीच.

टेक्नॉलॉजी आहे की! भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या मदतीनं आगीचे अलर्ट मोबाइलवर पाठवतं. तुम्ही-आम्हीही नाव नोंदवू शकतो. पण हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात. आमच्या टेकडीसारखी तासाभराची आग मधल्या वेळेत लागून विझूनही जाते.

इमारतीच्या आत मात्र नियम कडक. आग प्रतिबंधाचा राज्याचा २००६चा कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी' द्यावा लागतो, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. भिंतीच्या आतल्या पाइपचा हिशेब वर्षातून दोनदा. भिंतीबाहेरच्या गवताचा? शहरातल्या टेकड्यांचा एक तुकडा वनखात्याचा, एक महापालिकेचा, एक खासगी मालकाचा. आग मात्र सातबारा बघत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी अर्ज लिहिलाय. वॉर्ड ऑफिसला एक, वनखात्याला एक. मागण्या तीनच. कुठलं गवत कुणी कापायचं ते ठरवा. वस्तीलगतची जाळरेषा नोव्हेंबर संपायच्या आत करा. आणि आग लागली तर माणसं वर कुठून जाणार, ती पायवाट मोकळी ठेवा. याला ना हेलिकॉप्टर लागत, ना टेंडरचा महापूर. विळे, माणसं आणि तारीख, बस्स.

तोवर आपण काय करायचं? टेकडीवर बार्बेक्यू आणि सिगारेट बंद. देशातले बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. मोबाइलमध्ये दोन नंबर सेव्ह करा : अग्निशमन दल १०१, वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

आणि यंदा दिवाळीनंतरचा पहिला रविवार मी काकांना देऊन टाकलाय. ते विळा देणार आहेत. "हातमोजे तुमचे तुम्ही आणा, ताई," असंही बजावलंय.